उशी कुणी लावायची

ताईंनी आयुष्यात किती आजारी माणसांना उठवलं, बसवलं, कुशीवर वळवलं, भरवलं आणि पुसलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण कामाची पहिली दोन वर्षं सोडली, तर त्यांनी एकाही आजाऱ्याच्या डोक्याखाली उशी ठेवली नाही. उशी सरकली की त्या हाक मारत. घरातलं कुणीतरी येई, उशी नीट करी आणि जाई. तोवर ताई पलंगाच्या पायाशी, दोन्ही हात दांड्यावर ठेवून उभ्या राहत. हात दिसले पाहिजेत, असा नियम होता.

हा नियम कुठल्या डॉक्टरनं केलेला नव्हता आणि कुठल्या कायद्यातही नव्हता. तो एका सिनेमानं केला होता.

ताईंचं काम म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करणं. कुणी त्यांना आया म्हणे, कुणी अटेंडंट, कुणी नुसतंच ‘बाई आल्यात’ म्हणे. काम ब्युरोमार्फत मिळे. ब्युरो म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक फोन आणि मॅडम. मॅडम फोनवर साखर पेरत आणि फोन ठेवला की करवादत. लग्न होऊन आल्यावर वर्षाच्या आत ताईंनी तिथं नाव घातलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता, त्याला पाळ्यांची सवय होती, त्याची काही हरकत नव्हती. सासूबाईंनी मात्र नाक मुरडलं. “घरातली म्हातारी सोडून लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळायला निघाली,” एवढं बोलून त्यांनी विषय सोडला. तेव्हा त्या काही म्हाताऱ्या नव्हत्या. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत असत.

सिनेमा आला तो त्यानंतर. आधी ती एक कादंबरी होती आणि ती फारशी कुणी वाचलेली नव्हती. सिनेमा मात्र असा चालला, की थिएटरवाल्याला कितीतरी महिने दुसरं पोस्टर लावायची वेळच आली नाही. त्यात अंथरुणाला खिळलेला एक पैसेवाला म्हातारा असतो आणि त्याची देखभाल करणारी बाई. बाई त्याचं सगळं इतक्या मायेनं करते, की बघणाऱ्याला वाटावं, आपल्या नशिबी अशी कुणी असावी. आणि मग एका दुपारी ती त्याच्या डोक्याखालून लाल अभ्र्याची उशी काढते, दोन्ही हातांनी थोपटून फुगवते, आणि ती उशी पुन्हा डोक्याखाली जात नाही. पडद्यावर नुसता फिरणारा पंखा दिसत राहतो. नंतर बाई स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते. पाणी पिताना तिच्या चेहऱ्यावर काहीही नसतं. राग नाही, भीती नाही, समाधान नाही. लोकांच्या मनात उशीपेक्षाही ते काहीही नसणं रुतून बसलं.

सिनेमाचं खरं नाव हळूहळू मागं पडलं. ‘उशीचा सिनेमा’ म्हटलं की पुरे होई. दुकानांतून लाल अभ्रे पडून राहिले, आणि पुढे दुकानदारांनी ते ठेवायचंच बंद केलं. बोलण्यातही उशी शिरली. भागीदारानं दगा दिला की माणूस म्हणे, “त्यानं माझी उशी काढली.” बढती हुकली की कचेरीत कुजबुज होई, “साहेबांनी उशी दाखवली वाटतं.” सिनेमा न बघितलेली माणसंही हे बोलत. आणि घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांना नाव पडलं उशीवाल्या.

ब्युरोचा फोन वाजायचा थांबला. ज्या घरांत बायका आधीपासून कामाला होत्या, तिथल्या सुना अचानक दुपारच्या झोपा सोडून आजाऱ्याच्या खोलीत भाजी निवडायला बसू लागल्या. शेवटी मॅडमनी सगळ्यांना जिन्याखाली गोळा केलं.

“आजपासून उशीला हात लावायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “आभाळ कोसळलं तरी नाही. उशी घरच्यांनी लावायची, घरच्यांनी काढायची. तुम्ही पायाशी उभं राहायचं, हात दांड्यावर.”

“आणि मॅडम, डोकं उंच करायचं असलं तर?” एकीनं विचारलं.

“चादरीची घडी घाला. घडीनं कुणाला मारल्याचं सिनेमात दाखवलेलं नाही.”

बायका हसल्या. पण नियम लागू पडला. फोन पुन्हा वाजू लागला. इतर ब्युरोंनी तोच नियम उचलला, आणि बघता बघता ती रीतच होऊन गेली. घरात कुणी नसलं, तर उशी लावायला वॉचमनला बोलवत, दूधवाल्याला बोलवत. एका घरी तर ताईंनी बाथरूममध्ये नळ बसवत असलेल्या प्लंबरला बोलावलं होतं. त्यानं पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले, उशी लावली आणि परत जाऊन नळ बसवला. कुणाचाही हात चाले. फक्त उशीवालीचा चालत नसे.

ताईंच्या घरी हे सगळं जरा वेगळ्या वाटेनं आलं. तो सिनेमा त्यांनी सासूबाईंच्या शेजारी बसून बघितला होता. नवऱ्यानं हौसेनं तिकिटं काढली होती. मधल्या खुर्चीवर आई, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ताई. पंखा फिरायला लागला तसं सगळं थिएटर गप्प झालं. ताई पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की सासूबाई पडद्याकडे बघत नाहीयेत. त्या अंधारात ताईंकडे बघत होत्या.

येताना रस्त्यात नवऱ्यानं विचारलं, “कसा वाटला?” ताई म्हणाल्या, “बरा होता.” सासूबाई म्हणाल्या, “त्या बाईचं तोंड अगदी आमच्या बाईसारखं होतं.”

हे खरं होतं. ताईंच्या चेहऱ्यावर सहसा काही उमटत नसे. लग्नाच्या फोटोतही त्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात. मुलगा झाला तेव्हा नर्सनं विचारलं होतं, “आनंद नाही का झाला?” झाला होता. पण तो बाहेर कसा काढतात, ते त्यांना जमत नसे. आजारी माणसांना मात्र हा चेहरा आवडायचा. एक आजोबा म्हणाले होते, “बाकीच्यांचे माझ्याकडे बघून डोळे भरतात. तुम्ही भिंतीसारख्या बघता. बरं वाटतं.”

सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मुलाला हाक मारली. “ये रे, माझी उशी लाव. नाहीतर तुझी बायको लावेल.” धडधाकट बाई, स्वतःची उशी स्वतः लावून वर चार गाद्या उचलतील अशा. तो हसत हसत गेला आणि लावून आला. ताईही हसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा हाक, चौथ्या दिवशी पुन्हा. थट्टेची सवय झाली, आणि सवय झाल्यावर ती थट्टा आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. वर्षानुवर्षं नवरा जेवून उठला की आधी आईची उशी लावी आणि मग टीव्हीसमोर बसे. पाहुण्यांना सासूबाई सांगत, “आमच्याकडे घरचीच उशीवाली आहे हो. म्हणून जपून राहावं लागतं.” पाहुणे हसत आणि ताई त्यांच्यापुढे पाण्याचे ग्लास ठेवत. पहिली काही वर्षं त्यांना बोचलं असेल. पुढे बोचणंही थांबलं. दुखणाऱ्या दाढेकडे रोज दुर्लक्ष केलं, की एक दिवस ती दुखत नाही, आतून मेलेली असते, तसं काहीसं.

एकदाच त्यांनी याबद्दल तोंड उघडलं. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे त्या दिवसाच्या पाळीला होत्या. सरांना अर्धांगवायू झाला होता, पण जीभ शाबूत होती. त्यांच्या कपाटात ती मूळची कादंबरी होती. एका दुपारी त्यांनी ती ताईंकडून काढवून घेतली आणि म्हणाले, “तुम्हाला ठाऊक आहे का, पुस्तकात तसं नाहीच?”

“काय नाही, सर?”

“खून नाही. ऐका.” आणि त्यांनी ते पान वाचून दाखवलं. पुस्तकातली बाई म्हाताऱ्याच्या डोक्याखालची उशी काढते, थोपटते आणि परत लावते. म्हाताऱ्याला झोप लागते. बाई खिडकीशी जाऊन बसते. बास. प्रकरण संपलं. म्हातारा पुढे तीन प्रकरणं जगतो.

“मग सिनेमात असं का केलं?”

“नाहीतर कोण बघायला आलं असतं?” सर म्हणाले. “एका बाईनं उशी लावली, एवढ्यावर तिकीट विकतं होय? बरं, माझी सरकलीय. सुनेला हाक मारा.”

ताईंनी सुनेला हाक मारली.

घरी आल्यावर भांडी विसळता विसळता त्यांनी सासूबाईंना सांगितलं, “आई, त्या सिनेमाच्या पुस्तकात तसं काही नाहीये. ती बाई नुसती उशी लावते.”

“पुस्तकात काही का असेना,” सासूबाई म्हणाल्या. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

ताईंनी भांडी पालथी घातली.

नवरा गेला तो अचानकच. पंपावर छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेलं, तिथं तो एक रात्र होता. मुलगा परगावी नोकरीला, तो पहाटे येऊन पोचला. ताई रात्रभर पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. सगळं आटोपून दोघं घरी आली, तेव्हा सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलगा त्यांच्या पायाशी बसला आणि रडायला लागला, तेव्हा त्यांना कळलं. मग त्यांनी सुनेकडे बघितलं.

“उशी कुणी लावली होती?”

मुलगा रडायचा थांबला. “आजी!” तो म्हणाला.

“तुमच्या नातवानं,” ताई म्हणाल्या. “पहाटे आल्या आल्या.”

सासूबाईंनी मान हलवली. ताई आत गेल्या, हातपाय धुतले, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी सतरंजी घातली. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. नंतरही रडल्या नाहीत. ‘नंतर कधीतरी येईल रडू’ असं शेजारणी म्हणत होत्या. त्याची त्यांनी काही दिवस वाट बघितली आणि मग तेही सोडून दिलं.

सासूबाई पडल्या त्याच्या पुढच्या वर्षी. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या उभ्या राहिल्याच नाहीत. ताईंनी ब्युरोतलं काम सोडलं. नवऱ्याच्या पेन्शनमध्ये दोघींचं भागत होतं. लोकांच्या घरी जे केलं, तेच आता स्वतःच्या घरी सुरू झालं. अंग पुसणं, वळवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून टाचेखाली आणि कमरेखाली घड्या घालणं. ताईंचा हात असा, की सासूबाईंच्या पाठीवर साधा लाल डाग उठला नाही. तपासायला येणारा डॉक्टर म्हणाला, “आजी, तुमचं नशीब म्हणून अशी सून मिळाली.”

“नशीबच,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त उशीचं तेवढं बघावं लागतं.”

मूठ फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येते, तसली दवाखान्याची कॉट भाड्यानं आणू, असं ताईंनी सुचवून बघितलं. “मी माझ्या घरी आहे, दवाखान्यात नाही,” असं उत्तर आलं. डोक्याखाली चादरीची घडी घालून बघितली, तर म्हणाल्या, “मी काय ट्रंक आहे, घडीवर ठेवायला?” तेव्हा उशी आलीच. आणि उशी लावायला आता त्यांचा मुलगा नव्हता.

मग शेजारच्या वहिनी ठरल्या. वहिनी दारातच मशीन टाकून शिवणकाम करत. सकाळी आणि संध्याकाळी गळ्यात टेप तशीच ठेवून त्या येत.

“काय आजी, रात्र निभावली ना?”

“निभावली. तू लावलेली उशी होती म्हणून.”

“अहो, तुमची सून म्हणजे सोनं आहे. माझी सून मला पाणी विचारत नाही.”

“तुझी सून ब्युरोत नव्हती ना? मग पाणी हातानं घे, उशीला तर धोका नाही.”

वहिनी हसत, ताईंकडे बघून डोळा मारत आणि उशी लावत. लावायच्या अगदी वाईट. उशी नुसत्या डोक्याखाली कोंबत, त्यामुळे हनुवटी छातीला टेके. ताई पायाशी उभ्या राहून सांगत, “खांद्यापासून घ्या, वहिनी. अजून खाली. हां.” वहिनी घाईत असत, ऐकलं तर ऐकलं.

ताई आठवड्यातून एक दुपार ब्युरोत जात, नव्या मुलींना शिकवायला. तेवढा वेळ वहिनी मशीन इकडे आणून बसत. मुली विशीतल्या असत. आजाऱ्याच्या बगलेत हात कसा घालायचा, चमचा कुठल्या बाजूनं द्यायचा, हे सांगून झालं की ताई उशीचं सांगत. पायाशी उभं राहायचं, हात दांड्यावर.

“का पण?” एका मुलीनं विचारलं.

“सिनेमामुळं.”

“कुठल्या?”

ताईंनी सांगितलं. त्या खोलीतल्या एकाही मुलीनं तो बघितलेला नव्हता. एकीनं मात्र मान डोलावली. “हां, हां. आमच्यात म्हणतात ना, ‘उशी काढली’. ते त्यातलंय होय? मला वाटलं, ते पहिल्यापासूनच आहे.” आणि सगळ्याजणी उठून सरावाच्या कॉटच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या, हात दांड्यावर ठेवून. पहिल्याच फटक्यात जमलं त्यांना.

ताईंना सासूबाईंकडून फारसं काही नको होतं. त्यांनी ‘चुकलं माझं’ म्हणावं, असं त्यांच्या मनातही नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांना एकच वाटत आलं होतं, तेही अधूनमधून, काम करता करता. म्हातारीनं एकदा म्हणावं, ‘लाव तू.’ एकदाच. मग दुसऱ्या दिवसापासून वहिनी येऊ देत, नाहीतर वॉचमन. ही एक गोष्ट सोडली, तर ताईंना दुसरं काही हवंसं वाटल्याचं कुणाला आठवत नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा अडचण आली. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस खाली वाकायचं नाही. मग वहिनींचे मिस्टर येऊ लागले. ते बिचारे लाजत येत, उशी लावत आणि तोंडातून शब्द न काढता जात. सासूबाई म्हणत, “नवरा बरा आहे हिचा. मुका आहे.”

एका दुपारी ते दोघं डोळा दाखवायला गेले. वरच्या मजल्याला कुलूप होतं. सकाळपासून सासूबाईंना खोकला येत होता. जेवणानंतर तो वाढला. खोकता खोकता त्या पलंगावर खाली सरकल्या आणि उशी वर राहिली. मान मागं पडली. श्वास घशात घरघरायला लागला. ताईंनी त्यांना बगलेत धरून वर ओढलं, कुशीवर केलं, पाठ थोपटली. जरा मोकळं झालं, तसं परत पाठीवर निजवलं. पण खांदे उंच झाल्याशिवाय भागणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. उशी ताईंनी सांभाळून, कोपऱ्याला चिमटीत धरून, खुर्चीवर ठेवली होती. चिमटीनं उचलणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

“घडी घालू का, आई? थोडा वेळ?”

“नको ती घडी.”

“मग बघते बाहेर कुणी आहे का.”

सासूबाईंनी डोळे मिटले. छाती वरखाली होत होती. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, “कुठं जातेस? लाव तू.”

ताई दाराकडे निघालेल्या, तिथंच थांबल्या.

“उशी लाव म्हणतेय. तू.” सासूबाईंना दम लागत होता, तरी त्या बोलत होत्या. “मला मारून आता काय मिळणार आहे तुला? ही गादी? लाव, बाई. कंटाळा आला मला.”

ताई मागं वळल्या. खुर्चीवरची उशी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. पांढरा अभ्रा होता, आदल्या दिवशीच धुतलेला. त्या पलंगाच्या उशाशी गेल्या. सिनेमा आल्यापासून त्या बाजूला उशी घेऊन त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. तिथून सासूबाईंचा चेहरा उलटा दिसत होता, कपाळ खाली आणि हनुवटी वर. आता डावा हात मानेखाली घालायचा, खांदे उचलायचे आणि उजव्या हातानं उशी सरकवायची. उशी लावणाऱ्याला काय सांगायचं म्हणून हे त्या गेल्या आठवड्यातच मुलींना तोंडानं शिकवून आल्या होत्या.

हात पुढे झाले नाहीत.

भीती वाटली, असं नाही. राग आला, असंही नाही. ताईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते उशी धरून छातीशी थांबले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्यांनी मनातल्या मनात हातांना सांगितलं. हातांनी ऐकलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. सासूबाई खालून त्यांच्याकडे बघत होत्या, आधी उशीकडे, मग चेहऱ्याकडे. ताईंच्या चेहऱ्यावर काय होतं, ते ताईंना कसं दिसणार? बहुतेक काही नसावं.

“अगं, लाव ना.”

ताईंनी उशी परत खुर्चीवर ठेवली. “कुणाला तरी बोलावते,” त्या म्हणाल्या.

दार उघडलं तर समोरच मीटरवाला उभा होता, खांद्याला बॅग लावून, बेलच्या बटणाकडे हात नेत असलेला.

“लाइटचं रीडिंग. मीटर आत आहे का?”

“बाहेर आहे, जिन्याखाली. दादा, एक मिनिट आत येता? उशी लावायचीय.”

कसली उशी, कुणाची उशी, असं त्यानं विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. त्यानं बॅग उतरवली, चपला काढल्या. “ब्युरोतल्या का तुम्ही?”

“हो.”

“मग बरोबर. आमच्या वडिलांकडे होत्या एक. फार प्रेमळ. तरी आम्ही उशीला हात नाही लावू दिला. काय असतं, माणूस चांगलं असलं तरी रीत ती रीत.”

तो उशाशी गेला. ताई पायाशी गेल्या आणि दांड्यावर हात ठेवले. हात लगेच गेले तिथं.

“आजी, मान उचला जरा.”

“उचलता आली असती, तर तुला कशाला बोलावलं असतं?”

“खांद्यापासून घ्या, दादा,” ताई म्हणाल्या. “डावा हात मानेखाली. हळू. केस अडकलेत, केस. आता सरकवा. अजून खाली.”

दोन-तीनदा करून उशी कशीबशी बसली. एक कोपरा बाहेर राहिला होता, पण खांदे उंच झाले. घरघर कमी होत होत थांबली. मीटरवाल्यानं कपाळ पुसलं, ताईंनी दिलेलं पाणी उभ्यानंच संपवलं आणि जिन्याखाली जाऊन रीडिंग घेतलं. जाताना दारातून त्यानं आवाज दिला, “बिल वेळेवर भरा हो, आजी!”

ताईंनी वाटीत गरम सूप आणलं, चमच्यानं थोडं थोडं देऊ लागल्या. सासूबाईंनी दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला तोंड बाजूला केलं.

“मी म्हटलं होतं तुला.”

“हो.”

“मग?”

ताईंनी चमचा परत वाटीत ठेवला. हात पुढे झाले नाहीत, असं सांगितलं असतं, तर ते कुणाला पटलं असतं?

“मला भीती नव्हती वाटली,” सासूबाई म्हणाल्या. “तुला बघितलं उशी घेतलेली, तरी नव्हती वाटली. सूड घेतलास ना माझ्यावर?”

“नाही, आई.”

“घेतलास. घे. मी पुन्हा म्हणणार नाही.”

मग त्यांनी तोंड उघडलं आणि ताईंनी राहिलेलं सूप भरवलं. वाटी रिकामी झाली.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. काही दिवसांनी वहिनींचा डोळा बरा झाला, काळा चष्मा लावून त्या यायला लागल्या. “आता उशी स्वच्छ दिसते हो, आजी,” म्हणाल्या. पण लावायच्या पूर्वीसारखीच.

त्यानंतर दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की ताई आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत. रजईची वळकटी करत. वरच्या टोकाला टॉवेल गुंडाळून त्याचं डोकं करत आणि त्याच्याखाली दोरी बांधून मान. वळकटी पलंगावर निजवून त्या उशाशी उभ्या राहत. डावा हात मानेखाली, खांदे वर, उजव्या हातानं उशी. व्यवस्थित बसे. खांद्यापासून, कोपरे आत, हनुवटी मोकळी. काढत आणि पुन्हा लावत. हात कुठंच अडत नसत. मग त्या रजई सोडून घडी घालत आणि बाहेर येत.

एकदा त्या अशाच बाहेर आल्या, तर सासूबाई जाग्या होत्या. पडल्या पडल्या छताकडे बघत त्यांनी विचारलं, “रोज दुपारी काय थोपटत असतेस गं आत?”

ताई उभ्या राहिल्या.

“मला ऐकू येतं,” सासूबाई म्हणाल्या. “पाय गेलेत, कान नाही गेले. जमलं का?”

“रजईला जमतं,” ताई म्हणाल्या.

सासूबाई जराशा हसल्यासारख्या झाल्या. खोकला येईल म्हणून त्यांनी हसू आवरलं. “मग रजईच सांभाळ,” त्या म्हणाल्या. त्यांची उशी उजवीकडे पार सरकलेली होती. वहिनींचं मशीन शेजारी चालू होतं. हातातली शिलाई संपल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि ताई पलंगाच्या पायाशी जाऊन मशीन थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.